दादाच्या संगणकाचा दिवा

वहिनींच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. पत्र चार ओळींचं होतं. "भावोजी, तुमचे दादा अजून लिहितायत. संगणकाचा दिवा दिवसभर लुकलुकतो. महाराज म्हणतात, आत्मा आत बसून पुस्तक पुरं करतोय. हे खरं आहे का? हो की नाही, एवढंच कळवा. तुम्ही खोटं बोलणार नाही."

शेवटचं वाक्य वाचून मी पत्राची घडी घातली आणि ते एका शब्दकोशात सारून दिलं. मी जन्मभर मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःची चार वाक्यं लिहायची म्हटली की मी नुसते कागद फाडत बसतो. शेवटी पत्र लिहिण्याऐवजी मी स्वतःच गेलो, आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना बरोबर नेलं. बोलायचं काम त्यांनी करावं, असा माझा बेत होता.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. माणसं जिन्यापर्यंत उभी होती. दादाने चौतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला आणि निवृत्तीनंतर त्या आठवणी लिहायला घेतल्या. बोटं आखडली तेव्हा संगणकासमोर बसून तो बोलायला लागला. त्याच्या आवाजातली चाळीस प्रकरणं त्या संगणकात होती. चार महिन्यांपूर्वी तो गेला. आता टेबलावर संगणकाचा बंद, काळा पडदा होता, आणि त्याच्या शेजारच्या खोक्यावर एक लाल दिवा अखंड लुकलुकत होता. आतून बारीक करकर ऐकू येत होती.

"कळफलक कुठे आहे?" महाराजांनी गर्दीला विचारलं. लोक त्यांना दिवेमहाराज म्हणत. "कपाटात! मग लिहितंय कोण? अहो, बोटं जळतात, लिहिण्याची इच्छा जळते का? तीन वेळा लुकलुकलं की होकार समजा. विचारा काय विचारायचं ते!"

"माझ्या मिस्टरांनी कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात, विचारा ना," मागून एक बाई म्हणाल्या.

"कधी वारले?"

"वारले कुठले! घरीच आहेत, पण सांगत नाहीत."

लोक हसले. महाराज हसले नाहीत. "थट्टा करा. पण यंत्र बंद केलंत तर ते दुसऱ्यांदा जातील," ते म्हणाले.

हे वाक्य वहिनींसाठी होतं. त्या टेबलाला लागून बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. मागे कुणी खटका बंद करील, या भीतीने चार महिने त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

"काकू, मी जरा बघू? बंद नाही करणार," दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारलं. वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली.

बाईंनी कळफलक जोडला, पडदा सुरू केला. कोणता प्रोग्राम हार्ड डिस्कच्या चकतीवर सारखा लिहितोय, याची यादी त्यांनी काढली. मग त्या प्रोग्रामच्या नोंदींची फाइल उघडली. पडद्यावर ओळी धावू लागल्या, सगळ्या एकसारख्या.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "काकांनी एक प्रोग्राम लावून ठेवलाय. रेकॉर्ड केलेलं प्रत्येक प्रकरण दुसऱ्या कुठल्यातरी संगणकावर आपोआप पाठवायचं. तो दुसरा संगणक सापडत नाही. न सापडल्याची नोंद होते आणि हा पुन्हा शोधतो. चाळीस प्रकरणं, दर सेकंदाला प्रत्येकाची एक नोंद. झाल्या कोट्यवधी ओळी. पुस्तकातला एक शब्दही यात नाही. आता मी हा प्रोग्राम थांबवते."

दिवा विझला.

"आत्मा रुसला!" महाराज ओरडले.

बाईंनी प्रोग्राम सुरू केला. दिवा लुकलुकला. "रुसवा गेला वाटतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा रुसवू का?"

दोघं-तिघं खुदकन हसले, एकजण जिना उतरायला लागला. तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण वहिनी पडद्याजवळ वाकल्या होत्या. "काय लिहिलंय त्या ओळीत?"

"सापडत नसलेल्या संगणकाचं नाव आहे. धाकटा. ‘धाकटा, उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न.’"

वहिनी माझ्याकडे वळल्या. दादा मला धाकटा म्हणायचा. "भावोजी, तुम्हाला हाक मारतायत हो ते!"

"मी काय सांगत होतो!" महाराजांनी ते वाक्य हवेतच झेललं. "भावाला हाक! यंत्राला काय ठाऊक धाकटा कोण?" जिना उतरणारा माणूस परत वर आला.

"नाव काकांनीच दिलेलं असणार," बाई म्हणाल्या. पण त्या परक्या होत्या. वहिनींनी मलाच विचारलं, "तुम्ही सांगा. हो की नाही?"

मला उत्तर माहीत होतं. मी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

जिन्यात बाई मला म्हणाल्या, "चकती करकरतेय, काका. अशीच चालू राहिली तर महिन्याभरात जाईल. चाळीसही प्रकरणं जातील. दुसरी प्रत कुठेच नाही. आता काकू मला हात लावू देणार नाहीत. तुम्ही बोलला असता तर..." वाक्य अर्धंच टाकून त्या जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. सहा कागद फाडले. सातवा असा:

"वहिनी, नाही. दादा लिहीत नाही. तो गेला.

धाकटा हे माझ्या संगणकाचं नाव. दादाने स्वतः येऊन तो जोडून दिला होता, प्रकरणं मी तपासावीत म्हणून. पहिलं प्रकरण त्याने तिथेच बसून ऐकवलं आणि मी एकशे बारा चुकांची यादी केली. तो म्हणाला, ‘एवढं वाईट आहे का रे?’ वाईट नव्हतं. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून चुका काढल्या. हे त्याला सांगायची लाज वाटली आणि मी संगणक बंद करून ठेवला. तो आजही बंद आहे. यंत्र हाक मारत नाही. बंद दारावर घंटी वाजवत राहतं, एवढंच. दार मी बंद केलं होतं. काल सगळ्यांसमोर हे सांगायला हवं होतं.

मी गुपचूप संगणक सुरू केला असता तर दिवा थांबला असता, आणि महाराज म्हणाले असते की आत्म्याला शांती मिळाली. तुम्हालाही बरं वाटलं असतं. तसं मी करणार नाही. या वीस तारखेला सकाळी दहा वाजता मी तो सुरू करीन. त्या क्षणी ओळी थांबतील. प्रकरणं इकडे यायला लागतील आणि ती सगळी आली की दिवा शांत होईल. दिवा कधी आणि का थांबणार, हे महाराजांना आधी विचारून ठेवा. माझं हे पत्र त्यांना दाखवू नका. ज्याला खरोखर कळतं तो आधी सांगतो. नंतर अर्थ लावायला कुणीही पुरतो.

मग यंत्र बंद करा. त्याने दादा दुसऱ्यांदा जाणार नाही. आणि माझ्याकडे येऊन पहिलं प्रकरण ऐका. तो आवाज खरा आहे, त्याचाच आहे. चुकांची ती यादी मी फाडून टाकीन."

पोस्टात खिडकीमागच्या माणसाने विचारलं, "साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर," मी म्हणालो. त्याने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या थैलीत टाकलं.