उमाकांतांचा गुडघा

जगतपुऱ्यातल्या त्या सोसायटीत सकाळी सातला फिरायला निघणारी जोडपी बरीच होती, पण दर तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी थांबणारं जोडपं एकच. उमाकांत थांबायचे, डाव्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "जरा धरलाय गं." मधुमतीबाई मुकाट्यानं शेजारी उभ्या राहायच्या. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. माणूस शहात्तराला आला की त्याचे गुडघे बोलायचेच, आणि बायकोनं सांभाळून घ्यायचं नाही तर कुणी?

"भाईसाहब का घुटना कैसा है?" असं समोरून येणाऱ्या शेजारणी विचारत. मधुमतीबाई सांगत, "ठंड में ज्यादा पकडता है." जयपुरात चाळीस वर्षं काढूनही त्यांच्या हिंदीला मिरजेचा वास होता.

उमाकांत विमा कंपनीत अधिकारी होते. बदलीवर तीन वर्षांसाठी म्हणून ते इथे आले आणि मग इथलेच झाले. मुलगा अभिजित बंगळुरूला गेला. त्याची मुलगी अनुया मात्र इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती आणि आजी-आबांकडे राहत होती.

मधुमतीबाईंना लहानपणापासून दमा. पण त्या त्याच्याकडे जुना भाडेकरू असल्यासारखं पाहत. आहे एका खोलीत, पण त्रास देत नाही. दम लागलाच तर ओढायचा पंप पर्समध्ये असायचा. दुसरा, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्यांनी दोन वर्षांपूर्वीच कपाटात ठेवून दिला होता. दम लागत नाही तर रोज कशाला घ्यायचा? उगाच सवय लागायची. आणि खरंच, दम असा लागतच नव्हता. वर जायला लिफ्ट होती, बाजाराला रिक्षा होती, आणि फिरणं ह्यांच्या गुडघ्याच्या चालीनं.

यंदा मात्र दिवाळीच्या धुरानंतर खोकला धरला तो तीन आठवडे सुटेना. शेवटी अनुयानंच शहरातल्या सी-स्कीम भागातल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

"आजी, मतलब तू नाही म्हटलीस तरी आपण जाणार," ती म्हणाली. "ओके?"

"ओके काय ओके! साध्या खोकल्याला कुणी एवढ्या लांब जातं का?"

"मीही येतो," उमाकांत म्हणाले आणि त्यांनी बूट घातले. म्हणजे प्रश्न मिटला.

डॉक्टर शेखावत पन्नाशीच्या, शांत बाई. त्यांनी छाती तपासली, मग विचारलं, "माताजी, चलने में सांस फूलती है?"

"बिलकुल नहीं," मधुमतीबाई ठामपणे म्हणाल्या. "रोज फिरायला जातो ना आम्ही. अर्धा तास. जरा थांबत थांबत, पण ते ह्यांच्या गुडघ्यामुळे." ऐन वेळी त्यांची हिंदी मराठीत घसरली. अनुयानं मधल्या मधे भाषांतर केलं आणि करता करता तीच थांबली.

"आबांचा गुडघा? कुठला गुडघा?"

"डावा."

"अगं, परवा लिफ्ट बंद होती ना, तेव्हा आबा चार मजले चढून आले. गॅसवाल्या भैयाच्या आधी! वरून त्याला म्हणतात, जल्दी करो भाई."

उमाकांत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार लक्ष देऊन बघू लागले, जणू डिसेंबर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

डॉक्टरांनी एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग त्यांनी तपासण्या लिहून दिल्या.

पहिल्या तपासणीत एका नळीतून हळू, एकसारखा श्वास सोडायचा होता. ते त्यांना छान जमलं. दुसऱ्या यंत्रात मात्र छातीत असेल नसेल तो सगळा वारा जोरानं फुंकायचा होता. तिथला मुलगा क्रिकेटच्या सामन्यात ओरडावं तसा ओरडत होता, "फूंकिए, फूंकिए, और, और, और माताजी!" मधुमतीबाई अर्ध्यावर थांबायच्या आणि तोंडावर पदर धरायच्या. परक्या पुरुषासमोर असं गाल फुगवून, घशातून आवाज काढून? तीनदा फुकट गेलं. चौथ्यांदा अनुया पुढ्यात येऊन उभी राहिली. "आजी, माझ्याकडे बघ. लाज सोड, हवा सोड." त्यांना हसू आलं, आणि त्या भरात सगळा श्वास निघाला.

औषध देऊन पाव तासानं तेच पुन्हा करवलं. मग डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. तुमच्या वयाच्या बाईच्या छातीनं जेवढं काम करायला हवं, त्याच्या अठ्ठावन्न टक्केच होतंय, त्या म्हणाल्या. श्वासनळ्यांना आतून सूज आहे, बरीच. ती दुखत नाही, दिसत नाही. उतारवयात माणूस म्हणतो, वय झालं, आणि एकेक गोष्ट सोडून देतो. आधी जिना सोडतो, मग लांबचा रस्ता. जे केलंच नाही त्यात दम कसा लागेल?

"गेलेलं परत येईल का?" उमाकांतांनी विचारलं. आवाज एवढासा.

"थोडं येईल," डॉक्टर हिंदीत म्हणाल्या. "सगळं नाही येणार कदाचित. रोजचं औषध रोज घेतलं पाहिजे, बरं वाटलं तरी. आणि मला खरं सांगितलं पाहिजे. नाही तर जे जाईल ते जाईलच." मग त्या उमाकांतांकडे वळल्या. "अंकलजी, आपने तो बीमारी को छुपने की जगह दे दी."

अनुया तिथूनच मैत्रिणीकडे गेली. रिक्षात दोघंच. सी-स्कीमची दुकानं मागे पडली. मधुमतीबाई एकदम बोलल्या.

"दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या गुडघ्याला तेल लावतेय. महानारायण तेल! कोमट करून!"

"छान वाटायचं," उमाकांत म्हणाले.

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण मधू, आधी कोण खोटं बोललं?"

"मी?"

"त्या हिवाळ्यात तू कोपऱ्यावरच्या भिंतीला धरून उभी राहिलीस. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं तर म्हणालीस, चपलेचा अंगठा निघाला. मी खाली पाहिलं. अंगठा जागच्या जागी होता. म्हटलं, हिला सांगायचं नाहीये. मग दुसऱ्या दिवशी मीच थांबलो."

मधुमतीबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. सांगायचं नव्हतं, हे खरं होतं.

त्यांच्या आईलाही दमा होता. मिरजेच्या त्या घरात सगळे तिला जपायचे. "तू बैस, तुला लागेल." स्वयंपाकाला उठली की बैस, विहिरीकडे निघाली की बैस. आधी कामं गेली, मग बाजारहाट गेला, आणि एक दिवस मधुमतीच्या लक्षात आलं की घरातलं काही ठरवतानाही आईला आता कुणी विचारत नाही. चाळीस वर्षांची बाई भिंतीला टेकून बसलेली असायची, सगळ्यांनी मायेनं बसवून ठेवलेली. आपल्याला कुणी असं बसवू द्यायचं नाही, हे त्यांनी चौदाव्या वर्षी ठरवलं होतं. आणि बघायला मंडळी आली तेव्हा वडिलांनी दाराआड बजावलं होतं, "बश्या घेऊन सावकाश ये. श्वास ऐकू जायला नको."

हे सगळं त्यांनी पन्नास वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज रिक्षात, भर रहदारीत, बोलून टाकलं.

उमाकांत ऐकत होते. मग म्हणाले, "पण ऐकू आला होता की."

"काय?"

"श्वास. तू पोहे पुढे केलेस तेव्हा. बारीक शीळ घातल्यासारखा. मला वाटलं, पोरगी घाबरलीय. लग्नानंतर कळलं, तू कुठली घाबरतेस!"

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू लपवत होतीस. मी कशाला काढू?" ते जरा थांबले. "आणि बसवायचं म्हणशील, तर मी तुला काय बसवणार? निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तू मला एक दिवस धड बसू दिलं नाहीस."

मधुमतीबाईंना हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. त्यांनी पर्समधला पंप काढला आणि रिक्षावाल्यासमोर, सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यांसमोर ओढला. पदर मधे धरला नाही.

त्या रात्रीपासून रोजचा पंप सुरू झाला. दोन वेळा घ्यायचा, मग चूळ भरायची. उमाकांतांनी कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या, तेव्हा मधुमतीबाईंनी पेन काढून घेतलं. "मी करीन. मला कळतं." पंधरा दिवसांत खोकला गेला. महिन्यानं झोप लागू लागली. दोन महिन्यांनी पुन्हा फुंकायला गेल्या, तेव्हा आकडा एकोणसत्तर आला. डॉक्टर खूश होत्या, पण त्यांनी खरंही सांगितलं. ह्याच्या फार वर जाईल असं वाटत नाही. जे गेलं ते थोडं गेलंच.

मधुमतीबाईंनी मान हलवली. ते गेलेलं कोणत्या दोन वर्षांत गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. उमाकांतांनाही. त्या संध्याकाळी चहा उमाकांतांनी केला, आणि तो फार गोड झाला.

फेब्रुवारीच्या शेवटी अनुया सुट्टीला बंगळुरूला निघाली. जगतपुरा स्टेशनवर गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती, म्हणजे पूल चढणं आलं. एरवी मधुमतीबाई रिक्षातूनच निरोप द्यायच्या. या वेळी उतरल्या.

अनुया बॅग घेऊन पुढे गेली. उमाकांतही निघाले, आपल्या खऱ्या चालीनं, भराभर. त्यांना तसं पाहून मधुमतीबाईंना बरं वाटलं. किती दिवसांत ही पाठ अशी पुढे जाताना पाहिली नव्हती. त्या कठड्याला धरून चढू लागल्या. दहा पायऱ्या सहज झाल्या. पंधरा. विसाव्या पायरीला छातीत ओढ लागली. मागून लोक येत होते, पिशव्या, ट्रंका, डोक्यावर गाठोडं घेतलेली एक घागरेवाली. काही सांगायला दहा कारणं सुचली असती.

"अहो!" त्यांनी मोठ्यानं हाक मारली. जिन्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेली. "थांबा. मला दम लागलाय."

उमाकांत वळले. धावत खाली आले नाहीत, 'तू बैस' म्हणाले नाहीत. जिथे होते तिथेच, चार पायऱ्या वर, कठड्याला टेकून उभे राहिले.

"थांबलोय," ते म्हणाले. "गाडीला अजून वीस मिनिटं आहेत."

घागरेवाली त्यांना वळसा घालून वर गेली. मधुमतीबाईंनी सावकाश श्वास सोडला, मग घेतला, पुन्हा सोडला. कुणाकडे बघितलं नाही. मग पुढची पायरी चढल्या.