उणे ऐंशी अंशांतली कुपी

मी एक जुना डीप फ्रीझर आहे आणि मित्रांनो, माझा कोणावरही विश्वास नाही. उणे ऐंशी अंशांत राहणाऱ्याच्या मनाला ऊब कुठून असणार?

कारखान्यातून या प्रयोगशाळेत आलो तेव्हा सगळे माझे कौतुक करत. आता दाराचे रबर सैल झाले आहे, आत सारखा बर्फ साचतो. दार उघडे राहिले की मी केकाटतो, म्हणून सगळे मला 'रडोबा' म्हणतात.

माझ्या पोटात विषाणू असतात. दचकू नका. त्यांच्यात रोग पसरवणारे जे काही होते ते सगळे डॉक्टरीणबाईंनी काढून टाकले आहे आणि तिथे आजारी माणसाला हवे असलेले जनुक भरले आहे. पेशीत शिरायची विद्या तेवढी शिल्लक ठेवली आहे. तरी मी त्यांच्यावर डोळा ठेवून असतो. चोराने चोरी सोडली म्हणून कोणी त्याला तिजोरीजवळ झोपवत नाही.

त्यातली एक कुपी एका लहान मुलीसाठी होती. तिचे स्नायू झिजत चालले होते, जिना चढताना ती बापाचा सदरा धरायची. बाप कुलपे दुरुस्त करणारा. बाईंनी त्याला बजावले होते की हे औषध एकदाच देता येते. शरीर या विषाणूला ओळखून ठेवते आणि दुसऱ्यांदा आत येऊ देत नाही.

एका दुपारी तंत्रज्ञाने माझ्यातला बर्फ खरवडायला घेतला. सगळ्या कुप्या त्याने कोरड्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, पण ती एक टेबलावरच राहिली. चहा पिऊन आल्यावर त्याला ती दिसली. आतले औषध पार वितळले होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि कुपी गुपचूप माझ्यात सरकवली. थोड्या वेळाने ती पुन्हा गोठली, इतरांसारखीच दिसू लागली. आतले विषाणू मात्र दुबळे झाले होते. मला सगळे कळत होते, पण केकाटण्यापलीकडे मला भाषा नाही.

औषध द्यायच्या दिवशी बाप माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे कपाट कोण कोण उघडतं?" त्याने विचारले.

बाईंना राग आला. इथे सगळी विश्वासाची माणसे आहेत, असे त्या म्हणाल्या.

"विश्वास आहे हो. पण माझ्या धंद्यात हे आधी विचारतात. ही कुपी मध्ये बाहेर राहिली होती का?"

तंत्रज्ञ पुढे आला. "राहिली होती," तो म्हणाला.

कुपी नष्ट केली गेली. नवी तयार व्हायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर मुलगी चाकाच्या खुर्चीत बसली होती. आता हात वाचतील, पण गेलेले पाय परत येतील असे सांगता येत नाही, असे बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. तंत्रज्ञ मान वर करत नव्हता. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

नवी कुपी माझ्यातून काढताना मुलगी बापाशेजारीच होती. तिने कुपीकडे निरखून पाहिले, मग बाईंकडे.

"ही तरी बाहेर राहिली नव्हती ना?"

मित्रांनो, मी संशयी आहे ते ठीक आहे, मी लोखंडाचा आहे. पण कोणा लहान मुलीला असे विचारावे लागू नये, एवढी काळजी घ्या. आणि चूक झालीच, तर तिने विचारायच्या आधी सांगा.