ढिला सोडलेला दोर

आमच्या गावाला गप्प बसायचं म्हटलं की पोटात दुखतं. आष्ट्याच्या अलीकडं आमची विहीर आहे, चार पुरुष पाणी, आणि तिच्यात कुणी बुडी मारायला उतरला की निम्मं गाव काठावर गोळा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. काठावरच्यानं थोड्या थोड्या वेळानं दोराला एक हिसका द्यायचा, म्हणजे 'हायेस का रं?' खालच्यानं दोन हिसके द्यायचे, म्हणजे 'हाय.' शिवाय खालच्याला एकटं वाटू नये म्हणून वर कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतं. माया उतू चाललेली असते नुसती, आणि खालच्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात, त्र्याहत्तर साली, माझा मेहुणा ज्ञानू पंपाची जाळी मोकळी करायला उतरला होता. पाइपाचं तोंड तळाच्या गाळात असतं, तिथल्या जाळीत चिंध्या, शेवाळ, काय वाट्टेल ते अडकतं. तीनदा खाली गेला आणि तीनदा अर्धं काम टाकून वर आला. शेवटच्या खेपेला नाकातून रक्त. त्याच्या छातीतली धडधड संध्याकाळपर्यंत सदऱ्यावरून दिसत होती.

"दाजी, दम लय हाय माझ्यात," तो म्हणाला. "पर दोर हिसकला की काळीज उडतंय, आन् दम तितंच संपतुया."

दोर माझ्याच हातात होता.

यंदा जाळी पुन्हा तुंबली. ऊस माना टाकायला लागला, आणि एवढ्या खोल जाणारा ज्ञानूशिवाय दुसरा कोण नाही. तो एका पायावर तयार. जीव टांगणीला लागला तो बनुबाईचा, माझ्या बायकोचा. आईमागं तिनंच त्याला कडेवर वाढवलेला.

"दोर तुमीच धरा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा भरवसा न्हाई मला."

"धरतो. पर हिसका देणार न्हाई. एकबी न्हाई."

"आन् त्यो खाली अडाकला तर कळायचं कसं?"

मग तिला ते सांगावं लागलं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

आमच्याकडची पोरं पलटणीत जातात, मी नौदलात गेलो. जहाजावर माझं काम एकच. यंत्रातून पाण्यात आवाजाचा टोला सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकायचं. खाली पाणबुडी आहे की नाही ते असं कळतं. एकदा सराव चालला होता, आमचीच पाणबुडी आम्हालाच हुडकायची होती. परत येणारा आवाज हलत होता, म्हणजे पाणबुडीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दीड तास तिच्या मागं, टोल्यावर टोले. ती खाली जाई, वळे, थोडी वर सरकून पुन्हा खाली जाई. शेवटी वर आला तो देवमासा. एकटाच होता. त्यानं एकदा श्वास सोडला, कुशीवर झाला आणि तसाच पडून राहिला.

जहाजावरचे डॉक्टर म्हणाले, बुडी मारताना हा प्राणी काळीज मंद करतो, भरून घेतलेला श्वास पुरवून पुरवून वापरतो. भ्याला की मात्र त्याला जोरात पळावंही लागतं. म्हणजे चुलीतली लाकडं बाहेर ओढायची आणि वर भाकरीही भाजायची. नक्की कशानं मेला ते सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. डॉक्टरांना तेवढं म्हणावंच लागतं.

बनुबाई पीठ मळत ऐकत होती. "आन् ते यंत्र कुनाच्या हातात हुतं?"

"जहाजावर दीडशे माणसं हुती," मी म्हणालो.

तिनं परातीतला गोळा उलटा केला आणि पुन्हा मळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, आमच्या भावकीतले नानासो डबा घेऊन काठावर हजर. मी डबा काढून घेतला.

"चार मानसांत माझी शोभा करतोस व्हय रं?"

"व्हय, करतो. बसा गप."

ज्ञानूला सांगितलं, वरून हिसका येणार नाही, तू हिसकलंस तरच ओढीन. त्यानं मान डोलावली, छाती भरून घेतली आणि गेला.

मनगटावर घड्याळ होतं. अर्धं मिनिट झालं, मग पाऊण. चार बुडबुडे आले आणि थांबले. एक मिनिट. काठावर कुजबुज सुरू झाली. "ओढ की रं गड्या, पोरगं जाईल!" नानासो म्हणाले. दीड मिनिट. एवढा वेळ तो कधीच राहिला नव्हता. माझी बोटं आपोआप दोरावर आवळायला लागली. एकदाच विचारावं, फक्त एकदा. त्या दीड तासातही दर खेपेला मला असंच वाटत होतं.

बनुबाई शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही दोर ओढून घेते. तिनं माझ्या मुठीवर हात ठेवला आणि एक एक बोट सोडवायला लागली. तिचे हात बर्फागत गार होते. दोर ढिला पडला, तसा तिनं तो माझ्या तळव्यावर नुसता ठेवला.

दोन मिनिटांना दहा सेकंद कमी असताना पाणी फुटलं. ज्ञानू पायरीला धरून धापा टाकत होता, हातात चिंध्यांचा हा एवढा बोळा. नाकातून रक्ताचा टिपूसही नाही.

"दाजी," तो म्हणाला, "इतकी वर्सं उतरतुया, पर आज पयल्यांदा तळ निवांत बघितला मी."

मग काय, एकच गलका. नानासोंनी डबा शोधून काढला आणि मघापासूनची सगळी कसर भरून काढली. बनुबाई भावाचं डोकं पदरानं पुसत होती, रडत होती आणि त्यालाच शिव्या घालत होती. मी जाऊन, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या दगडावर बसलो.

थोड्या वेळानं ती आली आणि शेजारी बसली.

"यंत्र माझ्याच हातात हुतं," मी म्हणालो.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मघाशी तुमची मूठ सोडवली न्हवं मी?"