चौथा प्लग

बहिणीची डिझेल व्हॅन गारठ्यात सुरूच होईना, म्हणून इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग बदलायला घेतले. तीन मुकाट्याने निघाले. चौथ्याने मात्र माझा अंत पाहिला. इंजिन गरम केलं, आट्यांवर तेल सोडलं, पाना अलगद फिरवला, तरी मेला मधोमध मोडलाच. वरचा तुकडा माझ्या हातात, खालचा इंजिनात घट्ट.

मग सकाळभर मी वाकून त्याला ड्रिलने पोखरत बसलो. चुरा आत पडला तर इंजिनचे बारा वाजणार, म्हणून दर मिनिटाला थांबून पुसायचं. कंबरेचा काटा ढिला झाला.

"कुठल्या गाढवाने आवळलाय हा?" मी ओरडलो. "प्लग बसवत होता की सूड उगवत होता? असल्यांच्या हातात पाना देऊच नये!"

बहीण उलट्या डब्यावर बसली होती. "असू दे रे दादा," एवढंच ती म्हणाली.

"असू दे काय? त्याला माझ्यासमोर उभा कर!"

तिने पुसायचं फडकं पुढे केलं.

दुपारी एकदाचा तुकडा निघाला. तो तिच्या नाकासमोर नाचवत मी विचारलं, "आता तरी नाव सांगशील?"

"दादा, तुझ्याशिवाय कुणाला हात लावू दिलाय का मी या गाडीला?"

मी खाली मान घालून नवा प्लग बसवला. पुरेसा आवळला. तरी सवयीने पाना आणखी एकदा फिरवायला गेलो, तेव्हा तिने तो हातातून काढून घेतला.