बारा काही निघेना

टण्ण! पातेल्यावरचं झाकण घसरून फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता मोडली. अकेयोने दचकून चटईकडे पाहिलं. तिची चार वर्षांची लेक आविती नुसती कुशीवर वळली. म्हणजे अजून अर्धा तास तरी आपला.

केनियातल्या किसुमूला सरोवराकाठी बारा जणी मासे तळून विकतात. आंब्याखालची जागा मात्र एकच. सावली तिथे, म्हणून गिऱ्हाईकही तिथेच. रविवारच्या गर्दीसाठी शनिवारी त्या जागेची सोडत निघते. पूर्वी टोपलीतून न बघता आकडा लिहिलेलं बाटलीचं बूच काढायच्या. पण हाताला ओळखू यावं म्हणून कुणीतरी मैत्रिणीचं बूच चुलीशी तापवून ठेवलं आणि प्रकरण हातघाईवर आलं. तेव्हापासून सोडत अकेयोच्या वेबपानावर: बटण दाबायचं, आकडा बघायचा. सुनेनं सासूला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तिने रिस्पाआजींना मुद्दाम शेवटचा, बारावा आकडा दिला होता.

अर्धं वर्ष झालं, बारा काही निघेना. सासूबाई चकार शब्द न काढता उन्हात तळत होत्या. पण सकाळीच त्या बाराजणींतली अडोयो खिदळली होती, "रिस्पाताई, तुमच्या सुनेच्या यंत्रालाही सासू नकोय हो!" ते अकेयोच्या जिव्हारी लागलं.

तिने कोड ओळ न् ओळ वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. यंत्र शून्य ते एकमधला कुठलाही अपूर्णांक काढतं; त्याला गुणून पूर्णांक तेवढा ठेवायचा. यंत्र शून्यापासून मोजतं, म्हणून तिने बाराऐवजी अकराने गुणलं होतं. पण शून्य येऊ नये म्हणून पुढे एक मिळवलाही होता! एकदा दुरुस्त झालेलं तिने दुसऱ्यांदा दुरुस्त केलं होतं. अकराच्या वर आकडा जाणार तरी कसा? तिने अकराचे बारा केले.

आविती उठताच तिला कडेवर मारून ती किनाऱ्यावर गेली आणि सगळ्यांदेखत चूक कबूल केली. हसता हसता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, उद्याची जागा तुमचीच. इतके दिवस तुमच्यावर अन्याय झाला."

"फुकटची सावली नको मला," कढईवरची नजर न काढता रिस्पाआजी म्हणाल्या. "दाब बटण."

अकेयोने फोनवर बटण दाबलं. सात.

"अगं बाई, मीच की!" अडोयो ओरडली.

सगळ्यांत मोठ्याने रिस्पाआजीच हसल्या. "असू दे. आता मी खेळात तरी आहे."

आवितीने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मग आजीचा नंबर कधी येणार?"

तळणाऱ्या बाराही जणी हातातलं काम टाकून अकेयोकडे बघायला लागल्या, जणू ते तिला आधीच ठाऊक असणार.