पाहुण्यांचे पांढरे हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने, पांढरे हेल्मेट आहे. सांप्रत माझे वास्तव्य टायरच्या दुकानावरील एका खोलीत, खिडकीलगतच्या कपाटावर आहे. माझ्या पोटात बत्तीस चिठ्ठ्या आहेत. हेल्मेटाच्या पोटात वास्तविक डोके असावयास हवे. तेथे चिठ्ठ्या कशा आल्या, हे सांगण्यासाठीच मी आज आपणांपुढे बोलत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात धाग्यांचे कापड अंथरून त्यावर चिकट रसायन ओतण्यात आले व ते वाळल्यावर माझे कठीण कवच सिद्ध झाले. कवचाच्या आत थर्माकोलासारखा एक जाड थर बसविला गेला. त्यावर एका बाईंनी मऊ अस्तर शिवले. त्या बाई प्रत्येक हेल्मेटाचा पट्टा दोनदा ओढून पाहत आणि म्हणत, "जा आता, कुणाचं तरी डोकं सांभाळ." हे त्यांचे शब्द मी आजतागायत विसरलेले नाही.

आमच्या तुकडीतील एका भावाची परीक्षेसाठी निवड झाली. त्यास उंचावरून लोखंडी ऐरणीवर टाकण्यात आले. बाहेरून तो जसाच्या तसा दिसत होता. परंतु परीक्षकाने अस्तर काढले, तेव्हा आतला थर एका जागी अंगठ्याएवढा चेपलेला आढळला. परीक्षक म्हणाला, "यानं आपलं काम केलं. आता हा बाद." मित्रांनो, आमचा तो थर आघात स्वतःवर घेतो, परंतु एकदाच घेतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही.

पुढे मला स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मंडळींच्या एका क्लबने विकत घेतले. क्लबात तीसेक सभासद होते. त्यांच्या गाड्या इतक्या बुटक्या, की त्यांत बसण्याऐवजी त्या अंगात घालाव्या लागत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी टायरच्या दुकानामागील अंगणात त्यांचा मेळावा भरे. सर्व गाड्यांची बॉनेटे उघडली जात. मग मंडळी एकमेकांच्या इंजिनात डोके घालून तासन् तास बोलत आणि घरून फोन आले की "निघालोच" असे सांगून आणखी एक चहा घेत.

वर्षातून दोनदा क्लब एक ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेई. तेथे शर्यत नसे. ज्याने त्याने आपल्याच मागच्या वेळेशी झुंजावयाचे, असा तेथील रिवाज होता. सभासदांची हेल्मेटे ज्याची त्याची होती. मी मात्र पाहुण्यांसाठी होते. माझ्यात किती डोकी येऊन गेली म्हणून सांगू! एक मुख्याध्यापिका वळणावळणाला पाढे म्हणत होत्या. एका नाभिकाने उतरल्याबरोबर माझे अस्तर हुंगले आणि नाक मुरडून स्वतःच ते धुऊन दिले. एका भावी जावयास भावी सासऱ्याने शेजारी बसविले होते. पाच फेऱ्यांत सासऱ्याने विचारलेल्या सर्व प्रश्नांस त्याने "हो" असे उत्तर दिले. ते माझ्या आयुष्यातील सुवर्णदिन होते.

या क्लबात गाड्यांची तपासणी करणारे एक काका होते. ते निवृत्त बस मेकॅनिक होते. ट्रॅकच्या दिवशी सकाळी सर्व गाड्या त्यांच्यापुढे रांगेत उभ्या राहत. ते चाकांचे नट आवळीत, ब्रेक दाबून पाहत आणि गाडीत सुटे असेल ते सर्व बाहेर काढीत. पाण्याच्या बाटल्या निघत, चष्मे निघत, एकदा एका दंतवैद्याच्या गाडीतून संपूर्ण कवळी निघाली. शेवटी काका हेल्मेट हाती घेऊन मालकाला एकच प्रश्न विचारीत, "पडलंय का?"

"नाही" म्हणणाऱ्याच्या हेल्मेटावर ते हिरवी चिकटपट्टी लावीत. "हो" म्हणणाऱ्याचे हेल्मेट बाजूला ठेवीत. बाहेरून काही कळत नसल्याने सर्व भिस्त उत्तरावर होती आणि त्या उत्तरात लबाडी करण्याचे धैर्य कोणास होत नसे.

तो दंतवैद्य देहाने धिप्पाड, परंतु डोक्याने लहान होता. संपूर्ण क्लबात माझ्या मापाचे डोके त्याचे एकट्याचे. एके वर्षी दोन तास गाडी चालवून तो ट्रॅकवर आला आणि काकांना म्हणाला, "टपावरून खाली आलं होतं, पण काही झालं नाही हो." काकांनी त्याचे हेल्मेट बाजूला ठेवले. मी त्या दिवशी पाहुण्यांच्या सेवेत असल्यामुळे त्याच्या कामी येऊ शकले नाही. बिचारा दिवसभर मंडपात चहा पीत बसला. जाताना म्हणाला, "काका, दात दुखला की माझ्याकडेच यायचंय तुम्हाला. भूल देणार नाही." सर्व हसले. काकाही हसले.

आता मुख्य प्रसंगाकडे वळते. क्लबातील चंदेरी गाडी एका तरुण बाईंची होती. त्यांच्या सासूबाई प्रत्येक मेळाव्यास बिस्किटांचा डबा घेऊन येत व घडीच्या खुर्चीवर बसत. अकरा वर्षे त्यांना गाडीत बसण्याचा आग्रह झाला. प्रत्येक वेळी त्या म्हणत, "मी एकदा त्यात बसले की मला काढायला क्रेन लागेल." परंतु त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी स्वतःहून जाहीर केले, "मला तीन फेऱ्या मारायच्यात. पण सुनेबरोबर. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसणार नाही." ट्रॅकच्या दिवसानंतर आठवडाभरात त्या दूरच्या गावी, थोरल्या मुलाकडे कायमच्या राहावयास जाणार होत्या. तेव्हा ही संधी पहिली व शेवटची होती.

आदल्या मेळाव्यात त्यांनी मला घालून पाहिले. मी त्यांना अगदी मापात बसले. नंतर काका मला धुण्यासाठी वर खोलीत घेऊन गेले. त्यांचे हात साबणाने माखलेले होते. मी निसटले आणि फरशीवर आदळले.

माझ्या आत, मागच्या बाजूस, काहीतरी चेपले. मला ते कळले, पण सांगता येईना. काकांनी मला उचलून सर्व बाजूंनी अंगठा फिरविला. कोठे ओरखडासुद्धा नव्हता. इतक्यात सासूबाई नव्या गुडघ्यांच्या कौतुकात जिना चढून वर आल्या.

"काका, माझा मुकुट तयार आहे ना?"

काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, "तयार आहे, ताई."

ट्रॅकचा दिवस उजाडला. चंदेरी गाडी रांगेत सर्वांत शेवटी होती. सासूबाईंच्या फेऱ्या दिवसाच्या अखेरच्या खेपेस ठरल्या होत्या. काकांनी सूनबाईंचे हेल्मेट तपासून त्यावर पट्टी लावली. मग त्यांनी मला उचलले. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून प्रश्न निघून गेला, "पडलंय का?"

सासूबाई हसल्या. "मला काय विचारता? तुमच्याकडेच होतं ना ते."

 हिरवी पट्टी काकांच्या बोटाला चिकटून राहिली. 

"हो," काका म्हणाले. "पडलंय. माझ्याच हातून. त्या रविवारीच सांगायला हवं होतं."

"काका, दिसत तर काहीच नाही," सूनबाई म्हणाल्या.

"दिसत नाही म्हणूनच तर विचारतो ना मी."

सूनबाईंचे हेल्मेट सासूबाईंना दिले असते, तर गाडी कोण चालविणार? इतरांची हेल्मेटे तर त्यांच्या डोक्यावर गरागरा फिरत होती. सासूबाई परत खुर्चीवर जाऊन बसल्या. "असू दे. डबा उघडू या," त्या म्हणाल्या. परंतु झाकण उघडण्यास त्यांना बराच वेळ लागला.

आता सर्वांची दृष्टी दंतवैद्याकडे गेली. काकांना चार शब्द सुनावण्याचा अधिकार कोणास असेल, तर त्यालाच होता. तो मात्र आपल्या गाडीकडे गेला. अखेरच्या खेपेत स्वतःची वेळ मोडण्यासाठी त्याने महिनाभर तयारी केली होती. तो स्वतःचे हेल्मेट घेऊन परत आला व त्याने ते रुमालाने पुसून सासूबाईंच्या मांडीवर ठेवले.

"घ्या आजी. आमच्या घराण्यात डोकं लहानच असतं. आज उपयोगी पडलं."

"आणि तुझी फेरी?" काकांनी विचारले.

"मी मंडपात बसतो. चहा द्या, त्या दिवशीसारखा. फक्त साखर जरा जास्त घाला."

"दातांचा डॉक्टर ना रे तू?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हेल्मेट डोक्यात घातले. काकांनी पट्टा ओढून पाहिला. मग दंतवैद्याकडे वळून विचारले, "पडलंय का?"

"नाही, काका."

अखेरच्या खेपेस मी टेबलावरून त्या तीन फेऱ्या पाहिल्या. हात बाहेर काढू नये, असे काकांनी बजावले होते. म्हणून सासूबाईंनी हात हलविला नाही. तिसऱ्या फेरीस फक्त एक लहानसे हेल्मेट आमच्या दिशेने वळलेले दिसले. गाडी थांबली, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यास क्रेन लागली नाही. दोघांचे हात पुरले.

"अगं, घरी इतकी शांत कशी असतेस मग तू?" त्यांनी सुनेला विचारले.

"घरी तुम्ही असता ना, आई," सूनबाई म्हणाल्या आणि दोघी खुर्चीला धरून हसत राहिल्या.

सायंकाळी काकांनी सर्वांसमक्ष माझे अस्तर काढले. मागील बाजूस थर अंगठ्याएवढा चेपलेला होता, अगदी माझ्या भावासारखा. सासूबाईंनी त्या खळग्यात बोट फिरविले. "इथंच माझा अंबाडा आला असता," त्या म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली. सासूबाईंनी डब्यातले शेवटचे बिस्कीट त्यांच्या हातावर ठेवले.

बाद हेल्मेट फोडून टाकण्याची पद्धत आहे. परंतु सासूबाईंनी माझ्यासाठी अभय मागितले. ट्रॅकवर प्रथम कोणी जावे, यावरून दर वेळी वाद होत असे. त्या म्हणाल्या, "यात चिठ्ठ्या टाका." कोणी चुकूनही मला घालू नये म्हणून काकांनी माझा पट्टा कापला आणि आत लिहिले, 'हे पडलेले आहे. माझ्या हातून.' खाली त्यांची सही आहे. त्या सहीवरच चिठ्ठ्या पडून असतात. माझ्या शेजारी पाहुण्यांचे नवे हेल्मेट आहे. ट्रॅकच्या दिवशी सकाळी काका ते हाती घेतात, "पडलंय का?" असे मोठ्याने विचारतात आणि सर्वांना ऐकू जाईल असे स्वतःच उत्तर देतात.

मित्रांनो, मी समाधानी आहे. जे डोके मला शेवटचे सांभाळावयाचे होते, ते सुखरूप आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू पडली, तर घाबरू नका. हात आहेत, ते निसटणारच. परंतु ती वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तेवढे एक वाक्य अवश्य सांगा. आम्हां वस्तूंना ते सांगता आले असते, तर आम्ही केव्हाच सांगितले असते.