सातव्या चारीची पाळी

सुमितने सर्व्हरचे झाकण काढले, तेव्हा चिमूटभर कुंकू त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडले. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा चिकट थर होता आणि तळाशी वाळलेल्या पाण्याचा ओघळ.

"मॅडम, ह्याच्यात नारळ फोडला का काय कुणी?" पुण्याच्या कंपनीकडून आलेल्या त्या इंजिनियरने विचारले.

"ह्याच्यात न्हाई, ह्याच्यावर," सुरेखा रणपिसे म्हणाली. "खंडेनवमीला. दरवर्षी."

मांडवगणच्या अलीकडच्या त्या उपसा सिंचन संस्थेत ती अठरा वर्षे संगणक सांभाळत होती. खंडेनवमीला पंपघरातल्या मोटारींपाठोपाठ या यंत्राचीही पूजा होई. सुरेखा पूजेत नसे. भिंतीशी उभी राहून एवढेच सांगे, की जाळीवर काही टाकू नका. यंदाही सांगितले होते. चेअरमन इंद्रजीत आबा हातातला नारळ तोलत हसले होते, "तुम्हा लोकांला पूजेतलं काय कळतंय?" चौथ्या दिवशी यंत्र बंद पडले आणि पाचव्या दिवशी नव्या सर्व्हरचा खोका दारात होता.

आबा आत आले. त्यांनी एक टाइप केलेला कागद टेबलावर सरकवला.

"सुरेखा, सही कर. जुन्यातली माहिती निघण्याजोगी न्हाई, एवढंच हाय. नव्या मशिनीवर पाण्याची नवी पाळी लावू. एक नंबर चारीपास्नं."

एक नंबरपासून म्हणजे मुख्य पाटातून फुटणाऱ्या वरच्या चाऱ्यांना दिवसा पाणी आणि शेवटच्या, सातव्या चारीला रात्री. संस्थेच्या ठरावाप्रमाणे दर तीन वर्षांनी हा क्रम उलटायचा होता. सातव्या चारीने आपली तीन वर्षे रात्रीच्या अंधारात काढली होती आणि येत्या सोमवारपासून तिला दिवसाचे पाणी मिळायचे होते. ठरावाचा मूळ कागद आबांच्या कपाटात सापडत नव्हता. सह्यांसकट त्याची प्रत होती ती फक्त या बंद पडलेल्या यंत्रात.

सातव्या चारीवर बौद्धवस्तीची रानं होती. सुरेखाची सासू विठाबाई तिथे रात्री दारे धरून सरीसरीत पाणी सोडी, तेव्हा तिच्या एका हातात बॅटरी असे आणि दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. उसातल्या बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून ती तो डबा रात्रभर बडवी. मागच्या हिवाळ्यात तिच्या सोबतचा कुत्रा दहा पावलांवरून उचलला गेला होता.

"निघतंय का न्हाई, ते बघितल्याबिगर कसं लिहू, आबा?"

"इंजिनेरानं बघितलंय की."

सुमितने मान खाली घातली. "सर, मला नवीन बसवायची ऑर्डर आहे. जुनं तपासायची नाही."

"ऐकलंत?" सुरेखा म्हणाली.

"अगं, पाळी कुणाची ती समद्या गावाला तोंडपाठ हाय."

"मग सातवीची पाळी तोंडी धरता का?"

"तोंडी काय धरायचं!" आबा चिडले. "तुझं रान सातव्या चारीला हाय, म्हणून एवढा पुळका."

"व्हय. आन् तुमचं पहिल्या चारीला हाय म्हणून घाई."

सुरेखाने जावक रजिस्टर उघडले आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'जुना सर्व्हर, नग एक, दुरुस्तीसाठी दौंड.' वेळ घातली, सही केली आणि रजिस्टर आबांपुढे फिरवले.

"न्यायला मनाई असंल तर ह्याच ओळीपुढं लिहा. तुमच्या सहीनं."

आबांनी पेन उचलले. ओळीपुढे काही न लिहिताच ते खाली ठेवले.

सर्व्हर जुन्या लुगड्यात बांधून ती दौंडच्या एसटीत बसली. ते बोचके मांडीवर पाहून कंडक्टरने विचारले, "बाई, ह्याचं हाफ का फुल?"

"अकरा वर्षांचं हाय. हाफच द्या."

तिचे मच्छिंद्र मामा रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीबाहेर त्यांचे दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. त्यांनी ब्रशने कुंकू झाडले, एकेक भाग सोडवून तपासला.

"डिस्का शाबूत हायेत गं. पाणी पॉवर सप्लायमधी गेलं. तो मेला, म्हणून बाकीचं वाचलं."

एका मोडीत निघालेल्या यंत्रातला सप्लाय त्यांनी जोडला. पंखा फिरला आणि जाळीतून कुंकवाचा एक फवारा थेट मामांच्या चष्म्यावर उडाला.

"तुझा चेअरमन लई भक्तिमान दिसतोय!"

पडद्यावर ठराव उघडला. खाली सूचकाची सही होती. ती इंद्रजीत आबांचीच होती.

"मामा, बारा प्रती काढा."

"नोकरीवर गदा यील, पोरी."

"तेरा काढा. एक आबांना आवकमधी नोंदवून देते."

दुसऱ्या दिवशी ठराव कार्यालयाच्या दारावर, पंपघरावर आणि प्रत्येक चारीच्या तोंडाशी लागला होता. आबांनी तिला बोलावले.

"तुला हितनं हलवायला मला एकच कागद लागतो."

"लिहा की. त्याची बी नोंद घेते."

त्यांनी तो लिहिला. शनिवारी सुमितने जुनी सगळी माहिती निमूटपणे नव्या सर्व्हरवर उतरवून दिली आणि संगणकापुढची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. सुरेखाला आवक-जावकचे टेबल आणि पाठ नसलेले स्टूल मिळाले. पाळी मात्र ठरावाप्रमाणे फिरली.

सोमवारी कामावर जाण्याआधी ती रानात गेली. उन्हे वर आली होती. विठाबाई बांधावरून डबा घेऊन येत होती.

"आत्या, दिवसाउजेडी डबा कशाला?"

"आसू दे. तीन वर्सं हाताला हाय."

पाणी आले. विठाबाईने खोऱ्याने दारे मोडले, पाणी सरीला लावले आणि डबा बांधावर पालथा घातला. त्याच्या चारही अंगांना काठीचे पोचे होते. तिने पदराने तो पुसला आणि त्यावर बसली. तेवढ्यात वाटेने आबांची जीप आली. एरवी विठाबाई उठून उभी राही. आज ती उन्हाकडे तोंड करून बसून राहिली, आणि पाणी तिच्या पायांवरून पुढच्या सरीत गेले.